दिलेला शब्द आणि हातातली ताकद

नमस्कार श्रोतेहो.

१९९१ च्या उन्हाळ्यात युगोस्लाव्हिया फुटायला लागला तेव्हा युरोपमधून तिथे निरीक्षक पाठवले होते, सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, आणि तिथल्या लोकांनी त्यांचं नाव पाडलं आइस्क्रीमवाले. शस्त्र नाही, फौज नाही, युद्धबंदी पाळली जातेय का ते बघायचं आणि वर रिपोर्ट पाठवायचा. आज हे नाव ऐकलं की मला त्यात त्या लोकांची निराशा ऐकू येते. कारण निरीक्षक यायच्या थोडंच आधी, जूनच्या शेवटी, लक्झेंबर्गचे परराष्ट्रमंत्री जाक पूस जगाला सांगून बसले होते की ही युरोपची वेळ आहे, अमेरिकेची नाही. लक्झेंबर्ग म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढ्या वस्तीचा देश, पण तेव्हा युरोपियन कम्युनिटीचं, म्हणजे आजच्या युरोपियन युनियनच्या आधीच्या रूपाचं, सहा महिन्यांचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं, त्यामुळे तो शब्द अख्ख्या युरोपचा झाला.

आणि सुरुवातीला तो खराही वाटला बरं का. पूस, इटलीचे दे मिकेलिस आणि हॉलंडचे व्हान डेन ब्रुक असे तीन मंत्री धावपळ करत होते, ७ जुलैला ब्रियोनी बेटावर करार झाला, स्लोव्हेनियातलं युद्ध दहा दिवसांत थांबलं. मग क्रोएशिया पेटला. व्हुकोवार शहराला जवळजवळ तीन महिने वेढा पडला आणि नोव्हेंबरमध्ये ते पडलं. डिसेंबरात जर्मनीनं बाकीच्यांसाठी न थांबता स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाला मान्यता जाहीर केली, जानेवारीत बाकीचे देश मागोमाग गेले, आणि एप्रिल १९९२ मध्ये बोस्नियाची राजधानी साराजेवोला जो वेढा पडला तो सुटायला १९९६ उजाडलं.

आज मला ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते या सगळ्यात कुठेही मंत्री नव्हते, सेनापती नव्हते. क्रिस्टोफर हिल. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणारे प्राध्यापक, पुढे २००४ पासून केंब्रिजला. नाव शोधायला गेलात तर जरा सांभाळून, याच नावाचा एक अमेरिकन राजदूत आहे आणि तो बोस्नियाच्या तहाच्या वाटाघाटीत अमेरिकेच्या टीममध्ये होता, त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांचा दर वर्षी घोळ होतो. आपले हिल हे अभ्यासक. बोस्निया जळत असताना, सप्टेंबर १९९३ मध्ये, त्यांचा एक लेख जर्नल ऑफ कॉमन मार्केट स्टडीज या नियतकालिकात आला, आणि युरोपच्या परराष्ट्र धोरणावर त्यानंतर जे कोणी लिहितं त्याला या लेखाशी एकदा तरी बोलावंच लागतं, मग पटो न पटो.

लेखाचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर क्षमता आणि अपेक्षा यांच्यातली दरी. आता तुम्ही म्हणाल यात काय नवीन, अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा तसंच म्हणाले होते. पण आपल्या म्हणीत अंथरूण आपलं असतं आणि पायही आपलेच असतात, उघडे पडले तर थंडी आपल्यालाच वाजते. हिल ज्या दरीबद्दल बोलत होते तिथे अंथरूण युरोपच्या मुख्यालयात, ब्रसेल्समध्ये होतं आणि पाय साराजेवोतल्या माणसाचे होते. ज्यानं शब्द दिला तो गारठत नाही, ज्यानं विश्वास ठेवला तो गारठतो. हिलनी हे असं लिहिलेलं नाही, हे मी माझ्या शब्दांत सांगतेय, पण तो लेख मला कायम असाच लागलाय.

जरा तो काळ आठवा. बर्लिनची भिंत पडलेली, सोव्हिएत युनियन संपलेलं, फेब्रुवारी १९९२ मध्ये मास्ट्रिक्टला बारा देशांनी सह्या करून सांगितलेलं की आता आमचं परराष्ट्र आणि सुरक्षा धोरण सामायिक असणार. मग सगळ्यांच्या नजरा तिकडे. हिलनी त्या वेळच्या अपेक्षा नीट मांडून ठेवल्या आहेत: सोव्हिएत युनियनची जागा घेऊन जगाचा तोल युरोपनं सांभाळावा, आपल्या शेजारात शांतता राखावी, जगात कुठेही गरज पडली तर जाऊन हस्तक्षेप करावा, भांडणं मिटवावीत, श्रीमंत आणि गरीब देशांमधला पूल व्हावं, आणि जगाच्या अर्थकारणाची देखरेखही करावी. ज्यांच्याकडे स्वतःचं एक सैन्य नव्हतं त्यांच्या डोक्यावर हे सगळं.

मग दुसऱ्या बाजूला क्षमता. तिचे त्यांनी तीन भाग केले, आणि माझ्या मते लेखाचा खरा जीव इथे आहे. साधनसंपत्ती, म्हणजे पैसा, माणसं, बाजारपेठ. हत्यारं, इथे नुसत्या तोफा नाही, निर्बंध, मदत, व्यापाराच्या सवलती, राजनैतिक दबाव, सगळं आलं. आणि एकमत होण्याची क्षमता. म्हणजे बारा जणांना एका गोष्टीवर हो म्हणता येतं का. पैशाच्या बाबतीत युरोप तेव्हाही श्रीमंत होता, हत्यारं थोडीफार होती, घोडं अडायचं ते एकमतापाशी.

एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, मॅडम, युरोप म्हणजे नक्की कोण हो? मी तिला उत्तर द्यायला द्राक्षं वापरली. माझा मावसभाऊ निफाडला आहे, द्राक्षं युरोपला जातात त्याची. त्याला विचारा युरोप कोण. २०१० च्या हंगामात आपल्याकडच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला, शेतकरी ज्याला लिहोसिन म्हणतात ते, आणि तिकडे कंटेनर अडकले, कितीतरी लोकांची त्या वर्षाची गणितं कोसळली. तेव्हापासून कोणत्या औषधाचा किती अंश चालेल हे निफाडच्या बागेतल्या माणसाला तोंडपाठ असतं. हा युरोप ठाम आहे, त्याचा एक नियम आहे, एक बाजार आहे, व्यापाराच्या वाटाघाटींना सगळ्या देशांच्या वतीनं एकच कमिशन बसतं आणि बरेचसे निर्णय बहुमतानं होतात. आणि हाच युरोप युद्ध आणि शांततेचा प्रश्न आला की सत्तावीस परराष्ट्रमंत्री होतो, आज बाराचे सत्तावीस झालेत, आणि त्यातल्या एकानं नकाराची मान हलवली की सगळं ठप्प. म्हणजे युरोपची ताकद सगळीकडे सारखी नाही, जिथे आधीच एकमत करून ठेवलंय तिथे ती जबरदस्त आहे. त्या मुलीला पटलं की नाही माहीत नाही, पण मला स्वतःला हिल त्या दिवशी जास्त कळले.

दरी असली तर बिघडलं काय, असं कोणी म्हणेल. हिलनी दोन धोके सांगितले. एक म्हणजे खोट्या शक्यतांवर चर्चा होत राहते, युरोपच्या आतही आणि जे मदत मागायला येतात त्यांच्यातही, खऱ्या पर्यायांकडे लक्षच जात नाही. दुसरं म्हणजे शेवटी जो राग येतो तो चुकीच्या मानानं खूप मोठा असतो. ज्यानं काही कबूलच केलं नव्हतं त्याच्यावर कोण एवढं चिडेल?

आणि मग बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा झालं. इथे मला काळजीपूर्वक बोलायला हवं, कारण तो शब्द युरोपियन युनियनचा नव्हता, संयुक्त राष्ट्रांचा होता. सुरक्षा परिषदेनं एप्रिल १९९३ मध्ये त्या गावाला सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलं, आणि पहाऱ्याला निळ्या हेल्मेटमधले काहीशे डच सैनिक होते, हलक्या शस्त्रांचे. ११ जुलै १९९५ ला बोस्नियन सर्ब फौजा गावात शिरल्या. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांपेक्षा जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. हेगच्या न्यायालयानं त्याला वंशसंहार ठरवलं. सात वर्षांनी चौकशी अहवाल आला तेव्हा हॉलंडच्या विम कोक सरकारनं राजीनामा दिला. सुरक्षित क्षेत्र हे दोन शब्द ऐकून आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं तिथे येऊन राहिली होती हो. ही गोष्ट सांगताना दर वेळी माझा आवाज जातो, आजही जाईल म्हणून मी पुढे सरकते.

बोस्नियाचा तह झाला तो अमेरिकेत, ओहायोमधल्या डेटन इथे, एका हवाई तळावर. युरोपातलं युद्ध आणि वाटाघाटी ओहायोत. १९९९ मध्ये, तेव्हा सर्बियाचा प्रांत असलेल्या कोसोव्होसाठी नाटोनं ७८ दिवस बॉम्बहल्ले केले तेव्हाही बराचसा भार अमेरिकी विमानांवर होता, आणि हे युरोपच्या राजधान्यांमध्ये लागलं. त्याच्या आधीच, डिसेंबर १९९८ मध्ये, टोनी ब्लेअर आणि जाक शिराक यांनी फ्रान्सच्या सेंट मालो गावात ठरवलं होतं की युरोपकडे स्वतःहून कारवाई करता येईल असं लष्करी बळ हवं. वर्षभरानं हेलसिंकीत आकडा आला: ६० दिवसांत ६० हजार सैनिक पाठवता येतील आणि एक वर्ष तिथे ठेवता येतील, आणि हे २००३ पर्यंत. कागदावर देशांनी सैनिक लिहून दिले. प्रत्यक्षात ती फौज ठरली तशी कधी उभी राहिली नाही.

मग छोटं करून बघितलं. बॅटलग्रुप, साधारण १५०० सैनिकांच्या तुकड्या, जानेवारी २००७ पासून कायम दोन तयार ठेवायच्या, सहा सहा महिन्यांची पाळी. आजपर्यंत एकदाही वापरल्या नाहीत. का, तर एक कारण अगदी घरगुती आहे, ज्याची पाळी त्याचाच खर्च अशी पद्धत. म्हणजे सोसायटीत पाण्याची टाकी फुटली तर त्या महिन्यात जो सेक्रेटरी असेल त्यानंच पैसे भरायचे, मग कोणता सेक्रेटरी म्हणेल की टाकी फुटली आहे? २००८ च्या शेवटी पूर्व कॉंगोमध्ये परिस्थिती बिघडली आणि संयुक्त राष्ट्रांकडून मागणी आली तेव्हाही तुकडी गेली नाही.

१९९८ मध्ये हिलनी आपल्याच लेखाकडे परत बघितलं, की दरी बुजतेय का. त्यांचं उत्तर होतं की दरी अजून आहे. मला हे फार आवडतं, माणूस आपली कल्पना एकदा गाजली म्हणून तिच्यावर बसून राहिला नाही, पाच वर्षांनी पट्टी घेऊन परत मोजायला गेला. पुढे २००८ मध्ये आस्ले टोये या नॉर्वेच्या अभ्यासकानं म्हटलं की आता पैसा आणि हत्यारं बऱ्यापैकी आलीत, दरी उरली आहे ती एकमत आणि अपेक्षा यांच्यातली. मला वाटतं ते बरोबर आहे, पण हिलच्या तीन भागांत तो भाग आधीपासून होताच, टोयेंनी त्याच्यावर बोट ठेवलं इतकंच. इराक युद्धाच्या वेळी तर ते सगळ्यांनाच दिसलं होतं. जानेवारी २००३ मध्ये ब्रिटन, स्पेन, इटली, पोलंड वगैरे आठ देशांच्या नेत्यांनी अमेरिकेला पाठिंबा देणारं पत्र छापून आणलं, फ्रान्स आणि जर्मनी दुसऱ्या बाजूला, आणि सामायिक धोरण या शब्दांना त्या आठवड्यात काही अर्थच उरला नाही.

पण त्याच वर्षी एक वेगळी गोष्टही घडली, आणि ती कमी सांगितली जाते म्हणून मी मुद्दाम सांगते. कॉंगोच्या इतुरी भागात बुनिया नावाचं गाव, तिथे कत्तली चालू होत्या, कोफी अन्नान यांनी मदत मागितली, आणि युरोपियन युनियननं जूनमध्ये फ्रान्सच्या पुढाकाराखाली तुकडी पाठवली. गाव एकच, मुदत सप्टेंबरपर्यंत, काम गाव सुरक्षित ठेवायचं आणि संयुक्त राष्ट्रांची मोठी तुकडी आली की सोपवून निघायचं. ते झालं. डिसेंबर २००८ पासून सोमालियाच्या समुद्रात अटलांटा मोहीम, चाचेगिरीविरुद्ध. तिथेही काम नेमकं होतं, जागतिक अन्न कार्यक्रमाची धान्याची जहाजं सोमालियाला सुखरूप पोचवायची, आणि त्यांच्या पहाऱ्यात गेलेलं एकही जहाज चाच्यांच्या हाती लागलं नाही. आपल्या कोकणातल्या ज्या घरांतली मुलं जहाजावर आहेत त्यांना ती वर्षं आठवत असतील, एडनच्या आखातातून जहाज जाणार म्हटलं की घरात फोनकडे लक्ष.

मग २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर येमेनमधल्या हूथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि युरोपनं फेब्रुवारी २०२४ मध्ये आस्पिडेस मोहीम काढली, मुख्यालय ग्रीसमध्ये लारिसाला. फक्त बचाव करायचा, किनाऱ्यावर हल्ला नाही, असं पहिल्यापासून सांगून टाकलं. शब्द मोजका दिला होता, पण हातातली जहाजंही मोजकीच होती आणि समुद्र केवढा. नेमका तो आपल्या द्राक्षांचा हंगाम. कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले, दहा पंधरा दिवस जास्त, भाडं वाढलेलं, आणि द्राक्ष काही थांबत नाही कोणासाठी. मावसभावाचे त्या महिन्यातले फोन मला आठवतात, त्याला युरोपचं परराष्ट्र धोरण वगैरे शब्द कधी वापरावे लागले नव्हते, त्या वर्षी लागले.

आता युक्रेन. २४ फेब्रुवारी २०२२ नंतर युरोपनं जे केलं ते हिलच्या १९९३ च्या लेखातल्या कोणालाही खरं वाटलं नसतं, एकामागून एक निर्बंध, लाखो निर्वासितांना राहायची आणि कामाची परवानगी, आणि शांततेसाठी काढलेल्या एका निधीतून दुसऱ्या देशाला शस्त्रं. क्षमता वाढली हे मान्यच करायला हवं. पण मार्च २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की बारा महिन्यांत युक्रेनला दहा लाख तोफगोळे देऊ. कारखाने? तीस वर्षं शांततेत ते लहान होत गेले होते, दारूगोळ्याला लागणारी पावडर सुद्धा कमी पडत होती. नोव्हेंबरात जर्मनीचे संरक्षणमंत्री पिस्टोरियस यांनी उघड सांगितलं की हे व्हायचं नाही, आणि मुदत संपली तेव्हा साधारण निम्मे गोळे पोचले होते. दहा लाखांच्या जवळ जायला २०२४ चं वर्ष संपत आलं. जो सैनिक खंदकात बसून गोळे मोजून वापरत होता त्यानं त्या दहा लाखांच्या भरवशावर काय काय ठरवलं असेल ते मला सुचत नाही. कोणी म्हणेल की आकडा जाहीर केला म्हणून तर कारखाने वाढले, नाहीतर तेवढेही आले नसते, आणि हा मुद्दा मला खोडता येत नाही. अपेक्षा कधीकधी क्षमतेला ओढून वर आणते. हिलच्या लेखावर माझी एक तक्रार असेल तर ती हीच, की या बाजूला त्यांनी फार जागा दिली नाही.

आणि एकमताचं काय झालं? १४ डिसेंबर २०२३, ब्रसेल्स. युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची का हा प्रश्न, हंगेरीचे ओर्बान विरोधात, आणि त्यांचा एकट्याचा नकार पुरेसा होता. तेव्हा जर्मनीचे चॅन्सलर शोल्झ यांनी त्यांना सुचवलं की तुम्ही जरा बाहेर जाऊन कॉफी घेऊन या. ते गेले. उरलेल्या सव्वीस जणांनी निर्णय घेतला. अनेकांनी ही हुशारी म्हणून सांगितली, आणि त्या रात्री तिचा उपयोग झालाच, पण चार कोटी लोकांच्या देशाचं भवितव्य एका माणसाच्या कॉफीवर टांगलेलं असावं हे बघून मला भीती वाटली. त्यानंतर शस्त्रांसाठीच्या निधीतले सहा अब्ज युरोपेक्षा जास्त पैसे हंगेरीनं अडवून धरलेच की.

हिलना विरोध करणारेही आहेत. इयान मॅनर्स यांनी २००२ मध्ये म्हटलं की युरोपला सैन्याच्या पट्टीनं मोजूच नका, काय योग्य मानायचं हे तो जगाला शिकवतो ती त्याची ताकद, आणि उदाहरण दिलं फाशीची शिक्षा रद्द करण्याचं. युनियनमध्ये यायचं असेल तर फाशी बंद करावी लागते, आणि देशांनी ती केली. खरंच आहे हे. स्लोव्हेनिया, जिथे ते तीन मंत्री धावत गेले होते, २००४ मध्ये युनियनमध्ये आला, क्रोएशिया २०१३ मध्ये. दोन्ही देशांत आज युरो चालतो.

बोस्निया अजून बाहेर आहे, डिसेंबर २०२२ मध्ये उमेदवार म्हणून मान्यता मिळाली. आणि तिथे युरोपियन युनियनची फौज आहे, हे आपल्याकडे फार लोकांना माहीत नसतं. अल्थेया तिचं नाव. २ डिसेंबर २००४ ला तिनं नाटोकडून काम हातात घेतलं तेव्हा सात हजार सैनिक होते, नंतर कमी कमी होत गेले. दर वर्षी सुरक्षा परिषदेत तिची मुदत वाढवायला मतदान होतं आणि दर वर्षी साराजेवोत लोक तिकडे डोळे लावून बसतात. रशियानं युक्रेनवर हल्ला केला त्याच दिवशी जाहीर झालं की आणखी पाचशे सैनिक बोस्नियात येताहेत. छावणी साराजेवोच्या विमानतळाजवळ आहे, बुटमीर नावाच्या जागी, वेढ्याच्या दिवसांत लोकांनी धावपट्टीच्या खालून खणलेला जो बोगदा होता तो तिथेच निघायचा. त्या बोगद्यातून ज्यांनी पिठाची पोती वाहिली ती माणसं आता साठी सत्तरीची असतील. नव्या सैनिकांच्या गाड्या रस्त्यावरून जाताना ती दारात उभी राहून बघत असतील, आणि गाड्या किती आहेत ते मोजत असतील.

आज इतकंच. नमस्कार.